खिळे सोडणारी

तिसऱ्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर
एक जनुक आहे. नाव कोरडं : एक्सआरएन-वन.
त्याच्या सांगण्यावरून पेशीत जे विकर घडतं
त्याला एकच काम येतं,
वाचून झालेला निरोप मोडणं.
डोक्याकडून शेपटीकडे, अक्षरामागून अक्षर,
मध्ये न थांबता.

मी पाषाणला, टेकडीखालच्या प्रयोगशाळेत
चार वर्षं त्याच्यामागे आहे.
आईनं एकदाच विचारलं, "तू बनवतेस काय गं तिथं?"
म्हटलं, काही नाही. मोडतं कोण, ते बघते.
ती म्हणाली, "मग पगार देतात का त्याला?"

आई, हौसाबाई निम्हण,
नारायण पेठेत पत्र्या मारुतीमागच्या बोळात
मेहेंदळ्यांच्या छापखान्यात तीस वर्षं
खिळे सोडायची.
जुळवायला पुरुष, त्यांची नावं कधी कधी
अंकाच्या शेवटच्या पानावर.
सोडायला बायका.
छापून झालेलं पान तिच्या पुढ्यात यायचं,
रॉकेलनं पुसलेलं, शिशाचं, उलटं,
आणि ती ते उलटंच वाचायची :
होऊन गेलेलं लग्न,
पडलेला उमेदवार,
वर्षश्राद्धाला उशिरा पोचलेलं निमंत्रण.
वाचत वाचत प्रत्येक खिळा ज्याच्या त्याच्या घरात.
क क-च्या, रफार रफाराच्या.
तिच्या केशीला शेकड्यांनी घरं.
माझ्याकडे चारच अक्षरं, तरी मी चुकते.

"आधी सुतळी," ती सांगायची,
"पानाभोवतीची सुतळी सोडल्याशिवाय
खिळ्याला हात लावायचा नाही."
निरोपालाही डोक्यावर टोपी असते.
दुसरंच एक विकर येऊन ती उतरवतं.
तोवर आमचं हे
दाराशी उभं.

मागच्या पावसाळ्यात आम्ही ते जनुक गप्प केलं.
वाटलं, आता जुने निरोप साचतील,
पेशी गच्च भरेल, आलेख वर जाईल.
गेला थोडा.
मग पुन्हा खाली आला.
लिजो म्हणाला, पिपेट बघ तुझं.
तीनदा केलं. रात्री मोर ओरडत होते पंचवटीकडून
आणि आलेख तिथंच.
मोडणारं थांबलं तर
लिहिणाराही हात आखडता घेत होता.
का, ते अजून नीट कळलेलं नाही.

घरी सांगितलं. सुतारवाडीच्या गॅलरीत
आई मेथी निवडत होती.
म्हणाली, "दिवाळी अंकाच्या दिवसांत
मला नऊ दिवस ताप होता, तेव्हा तू पोटात.
पानं तशीच उभी राहिली, सुतळी बांधलेली.
कंपोझिटर खाडिलकर, एवढा हुशार माणूस,
दारात बिडी ओढत बसला.
खिळेच नाहीत.
आधी काना संपतो.
काना संपला की मराठी थांबते."

हे मी प्रबंधात कुठं घालू?

छापखाना गेला. ऑफसेट आलं.
खिळे किलोवर भवानी पेठेत गेले, वितळायला.
आईला त्याचं अजून वाईट वाटतं.
मोडणं आणि वितळवणं यातला फरक
ती मला बोटांनी करून दाखवते,
चिमटीत नसलेला खिळा धरून,
हवेतल्या घरात टाकून.

गेल्या शनिवारी तिला प्रयोगशाळा दाखवायला नेलं.
बर्फात रोवलेल्या नळ्यांकडे तिचा हात गेला
आणि मी ओरडलेच : हात नको लावू!
मग समजावलं,
माणसाच्या बोटांवरच असतात गं ही विकरं,
अशीच, यांच्याच जातकुळीची,
नुसत्या स्पर्शानं निरोप मोडतो.
म्हणून हातमोजे.

वाटलं, रागावली.
ती खिडकीशी गेली,
दोन्ही पंजे उजेडात धरले,
नखांच्या कडेला अजून शिशाची रेघ असल्यासारखे.
बराच वेळ बघत राहिली.

"बघ," म्हणाली,
"आणि मेहेंदळे म्हणायचे,
हे काम कुणीही करेल."